दोन पावलं मागे

माणूस उचलायची एक पद्धत असते. राग डोक्यात असला की लोक थेट गळ्याला हात घालतात, आणि मग त्या माणसाचा जीव जातो किंवा आपली नोकरी. आम्ही काखेखालून हात घालतो आणि त्याचं मनगट आपल्या छातीशी आवळून धरतो. दुसरा दुसऱ्या बाजूने तेच करतो, तिसरा पाय उचलतो. चेहऱ्याकडे पाहायचं नाही. शिव्या ऐकायच्या, उत्तर द्यायचं नाही. खाली ठेवलं की दोन्ही हात एकदम सोडायचे, दोन पावलं मागे सरायचं आणि हात पाठीशी बांधून उभं राहायचं. म्हणजे सभागृहाच्या मार्शलने मारलं असं नंतर कोणी म्हणायला नको. हे शेवटचं माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की घरी पाण्याची बादली खाली ठेवली तरी मी मागे सरायचे आणि भाऊ हसायचा.

सभागृहात यायच्या आधी मी इस्पितळात रुग्ण उचलायचे. पलंगावरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून टेबलावर. इथे आले तेव्हा आमचे प्रमुख तात्या म्हणाले होते, "तिकडे उचललेला माणूस हात जोडतो, इकडे हक्कभंग आणतो. बाकी वजन तेच." तात्या निवृत्तीला आले होते आणि कशाचंच त्यांना नवल उरलं नव्हतं. पायांकडे आमचा पहिलवान असायचा. आडदांड, पण मनाने अगदी मऊ. एखाद्या सदस्याची चप्पल वाटेत पडली तर परत जाऊन उचलून आणणारा.

त्या आठवड्यात सभागृहात परदेशी गुंतवणुकीच्या करारावर चर्चा चालू होती. बाहेरच्या एका देशाची कंपनी आमच्या बंदरात मोठी गुदामं बांधणार होती आणि त्या कंपनीला धाक हवा होता तो आमच्या सरकारवर. करारात एक कलम होतं. दंगल, गुंडगिरी किंवा जाळपोळ यात कंपनीच्या मालाला झळ लागली तर सरकारने ती भरून द्यायची, आणि दिली नाही तर तिसऱ्याच देशातल्या लवादापुढे जाऊन उभं राहायचं. विरोधक म्हणत, मग आमच्या लोकांच्या जळालेल्या दुकानांचं काय. मंत्री म्हणत, देशातली गुन्हेगारी हा या कराराचा विषय नाही. तीन दिवस हेच दळण चाललं होतं. दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीच्या होत्या, त्यामुळे सरकारला एकेक मत तळहातावरच्या फोडासारखं जपावं लागत होतं.

त्या मतांपैकी एक मत बंबाचं होतं.

बंब हे त्याचं नाव नव्हे, पण त्याच्या आईखेरीज त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत असेल असं वाटत नाही. त्याचे पाण्याचे टँकर होते. शहराचे आगीचे बंब कधी वेळेवर यायचे नाहीत, म्हणून कुठे आग लागली की लोक त्यालाच फोन करायचे. आग कोण लावतं हेही लोकांना ठाऊक असायचं. हप्ता थांबला की आग, आग लागली की टँकर, टँकर आला की त्याचं भाडं वेगळं. धंदा म्हणून पाहिलं तर एकही गिऱ्हाईक वाया जात नव्हतं. पुढे तो निवडून आला. ज्यांची दुकानं जळली नव्हती त्यांनी, जळू नयेत म्हणून मतं दिली.

माझा धाकटा भाऊ सोफे आणि गाद्या शिवायचा. फोम, कापूस, रेक्झिन, डिंक. अशा दुकानाला काडी दाखवायचाच अवकाश. त्याने हप्ता बंद केला, कारण तो आमच्या आईवर गेलेला आहे, एकदा नाही म्हटलं की नाही. एके दुपारी तो समोरच्या गल्लीत बटणं आणायला गेला होता आणि भावजय आत कापड बेतत बसली होती. तो परत वळला तेव्हा शटर खाली ओढलेलं होतं, फटींतून धूर येत होता आणि बंब स्वतः कुलूप लावत होता. चार माणसं पाठवून भागलं असतं, पण कधीमधी स्वतःच्या हाताने केल्याशिवाय त्याला चैन पडत नसावं. भाऊ पोचेपर्यंत शटर लाल व्हायला लागलं होतं. त्याने ते दोन्ही हातांनी धरून ओढलं. आतून भावजय शटरवर मारत होती. मग मारणं थांबलं. भावाच्या तळहातांची कातडी शटरला चिकटून राहिली.

इस्पितळात मी त्याच्या उशाशी बसून एकच गोष्ट मागितली. हात उचलायचा नाही.

"वॉरंट निघेल," मी म्हटलं.

"नाही निघालं तर?"

"निघेल. तू डोळ्यांनी पाहिलंयस. आणि निघालं की तो कायद्याच्या हाती पडेपर्यंत मी स्वतः बघेन."

छताकडे पाहतच तो बरं म्हणाला. भावजय गेली होती. आता मला भाऊ घालवायचा नव्हता. माझं सगळं म्हणणं एवढंच होतं. करारबिरार गेला खड्ड्यात.

वॉरंट खरंच निघालं, आणि ते कराराच्या चर्चेच्या पहिल्याच दिवशी निघालं. बंबाला पोलिसांच्या आधी कळलं, हे सांगायला नकोच. तो सकाळीच सभागृहाच्या आवारात येऊन बसला. आमच्याकडचा जुना नियम आहे की अध्यक्षांच्या परवानगीशिवाय आवारात कोणालाही अटक करता येत नाही. कोणालाही, मग तो सदस्य असो की चहावाला. फाटकाबाहेर दगडी फरशीवर एक रुंद पिवळी रेषा आहे, तिथे आवार संपतं. अध्यक्ष परवानगी देत नव्हते, कारण मतदान व्हायचं होतं. पोलिसांनाही त्यांनी बजावलं होतं की रेषेला खेटून उभं राहायचं नाही, सदस्यांवर दडपण येतं. म्हणून इन्स्पेक्टर वॉरंट खिशात घालून रस्त्यापलीकडे झाडाखाली थांबायचा आणि बंब पक्षाच्या खोलीत सोफ्यावर तंगड्या पसरून पडायचा.

फाटकाच्या उजवीकडे लोखंडी अडथळे लावले होते. त्यामागे दुकानं जळालेली माणसं फलक धरून उभी असायची. त्यांत माझा भाऊ. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले.

"जेवलास?"

"हं."

"काय जेवलास?"

"ताई, तो झोपतो कुठे?"

"पक्षाच्या खोलीत. सोफ्यावर."

"हिरवा? लाकडी हातांचा?"

"हो."

"तो मी शिवलाय."

मला ठाऊक होतं. लॉबीतले, खोल्यांतले, सगळे सोफे त्यानेच शिवले होते. ते काम त्याला मिळालं तेव्हा भावजयीने माझ्या गळ्यात पडून माझा श्वास कोंडला होता. मी विषय बदलायला त्याच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. खिशातून दाभणाचं टोक वर आलं होतं. गादीच्या आरपार जाणारी ती लांब जाड सुई, ती त्याच्याजवळ लहानपणापासून असायची.

"हे कशाला आता? तुला दोरा तरी ओवता येतो का?"

"नाही येत." त्याने तळहात उघडून दाखवले. गुलाबी, गुळगुळीत, एकही रेषा नसलेले. "खिसा रिकामा असला की उघड्यासारखं वाटतं गं. राहू दे."

"दे इकडे."

"राहू दे म्हटलं ना. तू तुझं कर."

मी राहू दिलं. सगळं गेलेल्या माणसाच्या खिशातून सुई काढून घ्यायची माझ्याने झाली नाही.

दुपारी मास्तरीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. विरोधी बाकांवरच्या या सदस्य पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, पण त्या बोलू लागल्या की मागच्या बाकावरचे डुलक्या काढणारेही सरळ बसत. मी सत्ताधारी बाकांच्या बाजूच्या भिंतीला लागून उभी होते. बंब माझ्यापासून एका बाकापलीकडे होता. त्याच्या अंगाला माझ्या भावाच्या सोफ्यातल्या नव्या फोमचा वास येत होता, निदान मला तरी तसं वाटलं.

"अध्यक्ष महोदय," बाई म्हणाल्या, "परदेशी गुदामाला आग लागली तर सरकार भरून देणार. चांगलं आहे. नाही दिलं तर लवाद. तेही चांगलं आहे. मला एवढंच विचारायचंय, एका सोफे शिवणाऱ्याची बायको बंद शटरच्या आत जळून गेली. तिचा लवाद कुठे बसतो?"

"देशांतर्गत गुन्हेगारी हा या कराराचा विषय नाही," मंत्री बसूनच म्हणाले.

"कसा नाही? गुंतवणूकदाराला भीती आगीची आहे. आग लावणारे सन्माननीय सदस्य मंत्र्यांच्या मागे बसलेत. ते कंपनीला सरळ सांगा ना, की बाबांनो घाबरू नका, आमच्याकडे आगीचं आणि पाण्याचं खातं एकाच माणसाकडे आहे."

सभागृह हसलं. विरोधक तर हसलेच, पण सत्ताधाऱ्यांपैकीही काहीजणांना आवरलं नाही. एका मंत्र्याने तोंडावर कागद धरला.

बंबाला शिवी चालायची. आरोप चालायचा, आरोपाने उलट वजन वाढायचं. हसणं चालायचं नाही. तो उठला, समोरच्या माईकची पोलादी दांडी दोन्ही हातांनी पिरगाळून उपटली आणि मधल्या हौद्यातून तिरका धावला. मी निघाले, पण मध्ये बाकं होती. बाई अजून कागदाकडेच पाहत होत्या. पहिला फटका त्यांच्या जबड्यावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. त्या बाजूला कलल्या आणि त्यांनी हात वर केला, म्हणून दुसरा फटका हातावर बसला आणि मनगट भलतीकडेच वळलं. तिसरा डोक्यावर. कराराच्या प्रतींवर रक्त आणि दात पडले. त्यांच्या शेजारचे दोन सदस्य बाकाखाली शिरले होते. माणूस म्हणून मला त्यांची इतकी किळस आली की सांगता येत नाही.

चौथा फटका बसायच्या आत तात्यांनी त्याचा डावा हात धरला आणि मी उजवा. अध्यक्ष उभे राहिले होते. तीन दिवस त्या माणसाला सांभाळून घेतलेल्या अध्यक्षांना आता सगळ्यांसमोर दुसरा इलाजच नव्हता.

"सन्माननीय सदस्यांना बाहेर काढा," ते म्हणाले.

पहिलवानाने पाय उचलले आणि आम्ही निघालो. बंब अंगाने जड होता आणि पिसाळला होता. दारातच त्याने एक पाय सोडवून पहिलवानाच्या तोंडावर लाथ घातली. पहिलवानाच्या नाकाचं हाड आत गेलं, दोन्ही नाकपुड्यांतून रक्ताची धार लागली, पण त्या बापड्याने दुसरा पाय सोडला नाही. मग आम्ही त्याला अर्धा उचलून अर्धा फरफटत नेला.

मागून पक्षाचे प्रतोद धावत आले. "लॉबीत ठेवा, लॉबीतच. दिलगिरी लिहून घेतो, दहा मिनिटांत परत आत घ्यायचंय. मतदान आहे."

आजवर तसंच चालत आलं होतं. कोणालाही बाहेर काढलं की आम्ही त्याला लॉबीतल्या सोफ्यावर ठेवायचो, पाणी द्यायचो, तो कपडे सारखे करायचा आणि घटकाभराने परत आत जायचा. नियमात आवाराबाहेर असं लिहिलेलं आहे, पण ते कोणी पाळल्याचं मला आठवत नाही. तात्या सवयीने सोफ्याकडे वळू लागले.

"तात्या, फाटकाबाहेर," मी म्हटलं.

"काय?"

"नियम तसा आहे. आवाराबाहेर."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या पांढऱ्या हातमोज्यांकडे पाहिलं. त्यांवर बाईंचं रक्त होतं. त्यांना माझा भाऊ ठाऊक होता, भावजय ठाऊक होती, इन्स्पेक्टर कुठे उभा आहे तेही ठाऊक होतं. "चल," ते म्हणाले, आणि सोफा मागे पडला.

प्रतोद ओरडत राहिले. बंबाला सगळं कळलं आणि त्याने माझ्या दंडाला दात लावले. कापडासकट मांस तोंडात आलं तरी तो दाबतच होता. मी त्याचा अंगठा मागे मोडला. तो मोडल्याचं मला बोटांत कळलं. त्याने दात सोडले आणि मग तो हळू आवाजात बोलायला लागला, जणू आम्ही दोघं निवांत बसलो होतो.

"तू त्या गादीवाल्याची बहीण ना? तुझी वहिनी शेवटी काय म्हणत होती, सांगू? शटरला तोंड लावून बोलत होती. म्हणत होती, दादा, देतो पैसे. दादा म्हणत होती मला."

आम्ही तेव्हा मोठ्या दगडी जिन्यावर होतो. मी उतरत्या बाजूला होते. मी फक्त हात सैल केला असता तर तो डोक्यावर गेला असता आणि पायऱ्यांनी बाकीचं काम केलं असतं. मार्शल घसरली, इतकंच झालं असतं. मला ते करायचं होतं. त्याचं डोकं फुटताना ऐकायचं होतं. पण इस्पितळातला भाऊ डोळ्यांसमोर आला. हात उचलायचा नाही असं त्याला सांगणारी मीच होते, आणि त्याने ते पाळलं होतं. मी त्याचं मनगट आणखी घट्ट आवळलं आणि एकेक पायरी उतरले. सभागृहात मतदानाची घंटा वाजायला लागली होती.

फाटक उघडं होतं. आम्हाला पाहून अडथळ्यांमागची माणसं एकदम ओरडायला लागली. पलीकडे झाडाखाली इन्स्पेक्टर ताठ झाला. त्याचा विश्वासच बसत नसावा. मग तो आणि त्याचे शिपाई पळत निघाले, पण मध्ये गाड्या होत्या.

आम्ही बंबाला रेषेपलीकडे नेला आणि पायांवर उभा केला.

आणि मी सोडलं. दोन्ही हात एकदम. तात्यांनीही सोडलं. आम्ही दोघं दोन पावलं मागे सरलो, रेषेच्या आत आलो आणि हात पाठीशी बांधले. पहिलवानही नाक गळत असताना मागे सरून ताठ उभा राहिला. इन्स्पेक्टर अजून रस्त्याच्या मधोमध होता. आम्ही त्याची वाट पाहायला हवी होती, बंबाला त्याच्या हाती द्यायला हवं होतं, इतकं साधं होतं ते. पण वर्षानुवर्षं आम्ही माणसं खाली ठेवत आलो होतो, कोणाच्या ताब्यात कधी दिली नव्हती. माझ्या अंगाला वाटलं, काम झालं.

बंब मोकळा उभा होता. त्याने मोडलेला अंगठा दुसऱ्या हातात धरला, रेषेकडे पाहिलं आणि परत आत यायला पाऊल उचललं.

भाऊ अडथळ्यावरून कधी उडी मारून आला ते मी पाहिलं नाही. मी त्याला पाहिलं तेव्हा तो बंबाच्या मागे होता. ज्या हाताला दोरा ओवता येत नव्हता त्या हातात दाभण मुठीने धरलेलं होतं. त्याने ते कानाखाली घातलं, पार आत, आणि ओढून काढलं. परत घातलं. गादीला टाके घालताना तो जसा न थांबता, न बघता हात चालवायचा, तसाच चालवत होता. रक्त पिचकारीसारखं माझ्या गणवेशावर आलं. बंबाने ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज गळ्यातूनच बाहेर गेला, बुडबुड्यांसारखा. तो गुडघ्यांवर आला. भावाने केस धरून त्याचं डोकं मागे खेचलं आणि दाभण एकदा डोळ्यात घातलं. तिथे ते हाडात अडकलं आणि त्याच्या गुळगुळीत हातातून सुटलं.

हे व्हायला किती वेळ लागला असेल? मी अजून हात पाठीशी बांधूनच उभी होते.

बंब पालथा पडला आणि सरपटला. त्याने हात लांब केला आणि पिवळ्या रेषेच्या आत टेकवला, माझ्या बुटाजवळ. बोटं फरशी खरवडत होती. त्याला अजूनही वाटत असावं की आत आलं की सुटलो. मग बोटं थांबली.

वर इमारतीच्या व्हरांड्यात गर्दी झाली होती. आरडाओरडा ऐकून विरोधी बाकांवरचे सदस्य पाहायला बाहेर धावले होते. तेवढ्यात घंटा थांबली आणि नियमाप्रमाणे सभागृहाची दारं बंद झाली. बाहेर राहिले ते बाहेरच राहिले. करार पास झाला, तोही आरामात. बंबाच्या मताची गरजच पडली नाही. मास्तरीणबाई तेव्हा आवारातल्या दवाखान्याच्या खोलीत होत्या. त्यांचा जबडा बांधलेला होता, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही.

शिपाई धावत आले तेव्हा भाऊ त्यांच्याकडे पाहत उभा होता. त्याने एक पाऊल टाकलं, बंबाच्या हातावरून, आणि रेषेच्या आत आला. इन्स्पेक्टर रेषेवर थबकला. तीन दिवस ज्या ठिकाणी थांबायची सवय झाली होती तिथेच.

"ताई," भाऊ म्हणाला. त्याला धाप लागली होती. लहानपणी कोणाशी मारामारी करून यायचा आणि माझ्या मागे लपायचा, तसंच त्याचं तोंड झालं होतं. "मी आत आलो. आता इथे मला कोणी धरत नाही ना? तसाच नियम आहे ना?"

"हो रे," मी म्हटलं. "तसाच आहे."

"मी हात उचलणार नव्हतो. तू सांगितलं होतंस. तीन दिवस नाही उचलला. पण तू सोडलास त्याला. आणि तो परत आत चालला होता."

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याच्या तोंडावरचं रक्त बाहीने पुसायला लागले, पण बाहीवर त्याहून जास्त रक्त होतं. मला वाटत होतं की हे असंच चालू राहावं, मी पुसत राहावं, इन्स्पेक्टरने रेषेवर थांबून राहावं आणि अध्यक्षांनी आजही परवानगी नाकारावी. तीन दिवस नाकारलीच होती की. एका खुन्याला सांभाळलं तसं दुसऱ्याला सांभाळायला त्यांचं काय जात होतं?

परवानगी पोचायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तात्या वर जाऊन अध्यक्षांचा निरोप घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे न पाहता तो सांगितला. "बाहेर काढायला सांगितलंय." आणि मग हळूच म्हणाले, "तू बाजूला हो. मी आणि पहिलवान नेतो."

"नको," मी म्हटलं. "मीच उचलते."

मी त्याच्या काखेखालून हात घातला. तो लगेच सैल पडला. इस्पितळात शुद्धीत नसलेली माणसं पडतात तसा. फार हलका झाला होता. तीन दिवस जेवला म्हणत होता ते सगळं खोटं होतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाहायचं नसतं, पण पाहिलं.

"ताई, मला घरी ने ना," तो म्हणाला.

रेषा ओलांडताना त्याची चप्पल निघाली. पहिलवान मागे गेला, मोडलेल्या नाकानिशी वाकला, चप्पल उचलून आणली आणि त्याच्या पायात घातली. इन्स्पेक्टरने दोन्ही हात पुढे केले. तो माणूस वाईट नव्हता. त्याने भावाचा एक दंड धरला, शिपायाने दुसरा धरला.

"सोडा, मॅडम," तो म्हणाला. "धरलंय आम्ही."

त्यांनी धरलं होतं. चांगलं घट्ट, जसं धरायला हवं तसं. मला दिसत होतं. तरी मी सोडलं नाही. तो दोनदा म्हणाला, तीनदा म्हणाला, बेड्यांचा आवाज झाला, भाऊ ताई, ताई म्हणत राहिला, आणि शेवटी तात्यांना माझ्या मागे येऊन माझं एकेक बोट उघडावं लागलं.